काउंटी शेल्टरसाठी कोणतं जंतुनाशक घ्यावं? रेस्क्यू, ब्लीच, क्वॉट आणि ट्रायफेक्टंट यांचं परीक्षण

अमेरिकेतल्या बऱ्याच काउंटी शेल्टरना (जिल्हा प्रशासनाच्या प्राणी-निवाऱ्यांना) ‘आज जागा नाही, उद्या या’ असं सांगता येत नाही. अ‍ॅनिमल कंट्रोलच्या (भटके प्राणी पकडणाऱ्या खात्याच्या) गाडीतून उतरलेलं कुत्रं, मालकाने आणून सोडलेली मांजर, खोक्यात सापडलेली पिल्लं, सगळी एकाच दारातून आत येतात. कुणाला लस मिळाली आहे आणि कुणाच्या पोटात पार्व्हो (कुत्र्यांना उलट्या-जुलाबांनी मारणारा विषाणू) वाढतो आहे, हे दारात कळत नाही. लक्षणं दिसायच्या आधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागलेला असतो. एकदा साथ पसरली की दत्तक देणं थांबतं, नव्या प्राण्यांची सोय लागत नाही आणि वाचू शकले असते असे जीव हातचे जातात. फरशीला कोणतं औषध लावायचं, याकडे म्हणूनच प्राणिकल्याणाचा निर्णय म्हणून बघायला हवं. प्रत्यक्षात हा निर्णय बहुतेक वेळा काउंटीचं खरेदी खातं घेतं आणि कोर्टाच्या, ऑफिसांच्या फरशीसाठी मागवलेलंच औषध शेल्टरलाही पाठवून देतं.

इथे चार प्रकारांचं परीक्षण आहे: रेस्क्यू (अ‍ॅक्सेलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइड, पूर्वी हेच अ‍ॅक्सेल नावाने मिळायचं), घरगुती ब्लीच, क्वॉट म्हणजे क्वाटर्नरी अमोनियमची औषधं, आणि ट्रायफेक्टंट (पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट). आमचा कौल आधीच सांगतो. रोजच्या केनेलसाठी (कुत्र्यांच्या कोठड्यांसाठी) रेस्क्यू. धुलाईसाठी आणि औषध संपलं तर हाताशी म्हणून ब्लीच. रेस्क्यू मिळतच नसेल तर ट्रायफेक्टंट. क्वॉट ऑफिसात आणि स्वागतकक्षात खुशाल वापरा, प्राण्यांच्या खोल्यांमध्ये त्यावर विसंबू नका.

हा कौल कळायला विषाणूंबद्दल एक गोष्ट माहीत हवी. काही विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं: कुत्र्यांचा डिस्टेंपर, मांजरांचा हर्पीस, कुत्र्यांचा फ्लू. साबणासारख्या द्रव्याने ते आवरण फुटतं आणि विषाणू निकामी होतो, त्यामुळे हे जवळपास कोणत्याही औषधाने मरतात. पार्व्हो, मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया (पार्व्होचाच भाऊबंद) आणि कॅलिसी (मांजरांच्या सर्दीचा विषाणू) यांना असं आवरण नसतं. पार्व्हो योग्य परिस्थितीत वर्षभराहूनही जास्त टिकतो. शेल्टरचं औषध पारखायचं ते या तिघांवर. डिस्टेंपर मरतो म्हणून औषध चांगलं, असं मानण्यात काही अर्थ नाही.

क्वॉट इथेच कमी पडतात. काही क्वॉटच्या लेबलवर पार्व्होचं नाव असतं, पण स्वतंत्र चाचण्यांमध्ये आवरण नसलेल्या विषाणूंवर त्यांचा भरवसा धरता आलेला नाही. शिवाय सुती पोछा आणि सुती फडकी क्वॉटला स्वतःत ओढून घेतात. बादलीत बरोबर प्रमाणात मिसळलेलं औषध फरशीवर पोचेपर्यंत पातळ झालेलं असतं. मांजरांच्या बाबतीत दुसराही धोका आहे. औषध चुकून घट्ट झालं आणि पिंजरा नीट खळबळून धुतला नाही, तर पंजे चाटणाऱ्या मांजराच्या जिभेवर आणि तोंडात व्रण होतात, ते खाणं सोडतं. असं मांजर पाहिल्यावर पहिला संशय सर्दीच्या विषाणूवर जातो आणि औषधाकडे कुणाचं लक्षच जात नाही. फिनॉलवर्गातली, पाइनच्या वासाची औषधं तर मांजरांच्या खोलीत आणूच नयेत. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही.

खरेदी खात्याला पटवताना ‘हॉस्पिटल डिसइन्फेक्टंट’ हा शब्द आडवा येतो. दवाखान्यात चालतं ते शेल्टरमध्ये का चालू नये, असं विचारतात. उत्तर सरळ आहे: ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) नियमांत हॉस्पिटल दर्जासाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या दोन जिवाणूंवर औषध चाललं पाहिजे. पार्व्होबद्दल तो दर्जा काहीच सांगत नाही. म्हणून लेबलवर ईपीएचा नोंदणी क्रमांक बघा, आणि सूक्ष्मजीवांच्या यादीत ‘कॅनाइन पार्व्होव्हायरस’, ‘फिलाइन कॅलिसीव्हायरस’ ही नावं शोधा. नायट्यासाठी यादीत बहुधा ‘ट्रायकोफायटॉन’ सापडेल. प्रत्येक नावापुढे कोणतं प्रमाण आणि किती मिनिटं लिहिली आहेत तेही वाचा, कारण एकाच बाटलीवर जंतूंप्रमाणे वेगवेगळी प्रमाणं असतात. लेबलबाहेर जाऊन औषध वापरणं हा केंद्रीय कायद्याचा भंग ठरतो, हेही त्याच लेबलवर छापलेलं असतं.

आता ब्लीच. स्वस्त, कुठेही मिळणारं आणि पार्व्होवर खात्रीचं. ५.२५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच १:३२ प्रमाणात घ्यायचं, म्हणजे एका गॅलन पाण्याला अर्धा कप (३.८ लिटरला साधारण १२० मि.ली.). दुकानात ८.२५ टक्क्यांचं मिळालं, तर त्याचा एक तृतीयांश कप पुरतो. फरशी १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. ‘स्प्लॅशलेस’ असं लिहिलेलं घट्टसर ब्लीच घेऊ नका, ते निर्जंतुकीकरणासाठी नसतं.

ब्लीचचा दोष असा की त्याला घाण अजिबात चालत नाही. विष्ठेचा पातळ थर, लघवी, केस, सांडलेलं खाणं, काहीही शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. ब्लीच स्वतः साबणही नाही. त्यामुळे घाण उचला, साबणाने घासा, खळबळून धुवा, पाणी ओढून काढा, ब्लीच लावा, १० मिनिटं थांबा, पुन्हा धुवा, वाळवा, एवढ्या पायऱ्या प्रत्येक केनेलला कराव्या लागतात. यातली घासण्याची पायरी गाळली की पुढचं सगळं वाया जातं, आणि सकाळच्या घाईत गाळली जाते ती नेमकी तीच. लघवी साचलेल्या जागी ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू होतो. डोळे चुरचुरणं, खोकला, आधीच सर्दी झालेल्या मांजरांचा श्वास कोंडणं हे त्याचे परिणाम. पातळ केलेलं ब्लीच २४ तासांत टाकून द्यायचं, उजेडापासून दूर अपारदर्शक बाटलीत ठेवायचं. पिंजऱ्यांच्या कड्या, बिजागऱ्या, गटाराच्या जाळ्या यांना त्याने गंज चढतो, आणि गंजलेला खडबडीत पृष्ठभाग पुन्हा जंतूंना आसरा देतो.

रेस्क्यू या सगळ्यावर पूर्ण उत्तर आहे असं म्हणता येणार नाही, पण शेल्टरमध्ये रोज होणाऱ्या चुका ते जास्त पोटात घालतं. पेरॉक्साइडसोबत त्यात साबणाचं काम करणारी द्रव्यं असतात. ठोस घाण उचलल्यावर त्याच द्रावणाने घासायचं आणि त्याच द्रावणाचा ताजा हात देऊन ओलं ठेवायचं. वेगळा साबण, मधली धुलाई, पाणी ओढणं या पायऱ्या वाचतात. थोडीफार घाण राहिली तरी ते ब्लीचइतकं लगेच हतबल होत नाही. उग्र वास नाही आणि शेवटी त्यातल्या पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू होतो. कॉन्सन्ट्रेटमध्ये (पाणी न मिसळलेल्या मूळ औषधात) ४.२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. रोजच्या कामाला १:६४, म्हणजे गॅलनला २ औंस (६० मि.ली.), ५ मिनिटं. साथ सुरू असेल, नायटा असेल किंवा पार्व्हो झालेलं कुत्रं नुकतंच हलवलेलं असेल, तर १:१६, म्हणजे गॅलनला ८ औंस (२४० मि.ली.). पातळ केलेलं द्रावण झाकून ठेवलं तर ९० दिवस टिकतं, त्यामुळे रोज नव्याने बनवण्याची कटकट नाही. तयार फवारा आणि ओले वाइप्सही मिळतात, विषाणूंसाठी त्यांना १ मिनिट पुरतो.

५ आणि १० मिनिटांतला फरक कागदावर छोटा वाटतो, पण उतार असलेल्या, खाली गटार असलेल्या केनेलच्या फरशीवर तोच सगळं ठरवतो. उन्हाळ्यात किंवा पंखे चालू असताना पातळ द्रावण तीन-चार मिनिटांत सुकतं. सुकलं की काम थांबलं. ब्लीच असेल तर दोनदा, तीनदा पुन्हा ओलं करावं लागतं, आणि कुणी करत नाही. रेस्क्यूला फोमरने फेस करून लावलं तर उभ्या भिंतीवर आणि दारावर ते चिकटून राहतं. फेसामुळे कुठे लागलं आणि कुठे सुटलं हे डोळ्यांना दिसतं, हा फायदा नव्या स्वयंसेवकांना शिकवताना फार उपयोगी पडतो. मात्र फेसाची फरशी निसरडी होते, रबरी बूट घालूनच आत जावं.

वेळेचं गणितही इथेच मांडून टाकू. नॅशनल अ‍ॅनिमल केअर अँड कंट्रोल असोसिएशनच्या शिफारशीनुसार प्रत्येक प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं लागतात, त्यातली ९ सफाईची आणि ६ खाऊ घालण्याची. ४० कुत्र्यांच्या विभागाला नुसत्या सफाईला ३६० मिनिटं, म्हणजे एका माणसाचे ६ तास. शेल्टर दुपारी लोकांसाठी उघडायच्या आत हे उरकायचं तर तीन माणसं दोन तास सलग राबली पाहिजेत. तेवढी माणसं नसतील तर कोणतंही महागडं औषध ती उणीव भरून काढणार नाही. पण धुण्याच्या पायऱ्या वाचवणारं औषध निदान घाईत पायऱ्या गाळल्या जाणं तरी कमी करतं. रेस्क्यूच्या बाजूने आमचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

किमतीबद्दल. कॉन्सन्ट्रेटचा गॅलन ब्लीचच्या शेजारी ठेवला तर रेस्क्यू डोळ्यात भरेल इतकं महाग दिसतं. निविदा तपासताना गॅलनची किंमत बघू नका, तयार द्रावणाची बघा. १:६४ ने एका गॅलनातून सुमारे ६५ गॅलन द्रावण होतं, ब्लीचच्या एका गॅलनातून १:३२ ने ३३ गॅलन. त्यात ब्लीचसाठी वेगळा साबण, जास्तीचं पाणी, दर काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या कड्या-बिजागऱ्या आणि माणसांचे तास मिळवा. तरीही रेस्क्यू महागच पडू शकतं, पण निविदेत दिसतो तेवढा फरक उरत नाही.

जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते ती अशी: ‘औषध तेच, तरी साथ आलीच.’ अशा वेळी आधी भिंतीवरचा डिस्पेन्सर (औषध पाण्यात मिसळून देणारं यंत्र) तपासा. कॉन्सन्ट्रेट ओढणाऱ्या नळीत एक छोटी रंगीत टिप असते, तिच्या भोकावर प्रमाण ठरतं. क्षार साचून ते भोक बुजतं, किंवा कुणीतरी दुसऱ्या रंगाची टिप बसवलेली असते, किंवा सकाळी सगळे नळ एकदम सुरू झाले की पाण्याचा दाब पडतो. तपासणी सोपी आहे. नळी मापाच्या भांड्यात कॉन्सन्ट्रेट घेऊन त्यात सोडा, बरोबर एक गॅलन द्रावण भरा, भांड्यातलं किती कमी झालं ते बघा. १:६४ ला ६० मि.ली. कमी व्हायला हवं. ३० कमी झालं असेल तर तुम्ही इतके दिवस निम्म्या ताकदीचं औषध लावत होता. ही तपासणी महिन्यातून एकदा, आणि सकाळच्या गर्दीच्या वेळेसच करा, नाहीतर दाबाचा दोष दिसणार नाही.

रेस्क्यूचे स्वतःचे दोषही आहेत. लघवीतले क्षार फरशीवर पिवळसर पापुद्र्यासारखे बसतात, ते रेस्क्यूने निघत नाहीत. तेलकट थरही पूर्ण जात नाही. आठवड्यातून एकदा तेलकटपणा काढणारं डीग्रीझर आणि क्षार काढणारं आम्लधर्मी क्लीनर वेगळ्या वेळी वापरून, भरपूर पाण्याने धुऊन मगच जंतुनाशक लावावं. आम्लधर्मी क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, त्यामुळे ही दोन्ही एका कपाटात ठेवूच नका. तांबं आणि पितळ यांना पेरॉक्साइड मानवत नाही. कॉन्सन्ट्रेट हाताला लागलं तर कातडी पांढरी पडून चुरचुरते, डोळ्यांत गेलं तर गंभीर इजा होते. ओतताना हातमोजे आणि गॉगल हवेतच. आणि ते लावून सुकल्यावर मागे कसलंही संरक्षण उरत नाही, पुढच्या कुत्र्याने शिंकलं की फरशी पुन्हा होती तशीच.

ट्रायफेक्टंट १ टक्का द्रावणात (लिटरला १० ग्रॅम) १० मिनिटांत पार्व्होवर चांगलं काम करतं, घाणीपुढे ब्लीचपेक्षा जास्त टिकाव धरतं. द्रावण साधारण आठवडाभर चालतं. भुकटी मोजताना धूळ नाकात जाते, म्हणून मास्क लावून आणि पंखा बंद करून मिसळा. सुकल्यावर पांढरट थर राहतो, तो धुवावा लागतो. धातूला तेही त्रासदायकच.

मांजरांच्या खोलीत मात्र कोणत्याही औषधाचा कमीत कमी वापर हाच उत्तम वापर. त्याच पिंजऱ्यात तेच मांजर राहणार असेल तर रोज पिंजरा रिकामा करून फवारण्याची गरज नसते. लिटर ट्रे (मांजराच्या शीचा ट्रे) बदला, सांडलेलं पुसा, पाणी-खाणं ताजं ठेवा, त्याच्या वासाचं अंथरूण मळलं नसेल तर तिथेच राहू द्या. मांजराला रोज हलवण्याचा ताण पडला की अंगात दबून बसलेला हर्पीस पुन्हा उसळतो आणि शिंका सुरू होतात. वरून ब्लीचची वाफ नाकात. पूर्ण निर्जंतुकीकरण मांजर कायमचं हललं की करायचं. दोन कप्प्यांचा, मधे गोल दार असलेला पिंजरा असेल तर मांजराला हात न लावता एक कप्पा साफ होतो. असोसिएशन ऑफ शेल्टर व्हेटेरिनेरियन्सच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरात आली. त्यांत एका मांजरासाठी किमान ८ चौरस फूट जागा सांगितली आहे. ती मिळाली तर झोपणं, खाणं आणि लिटर वेगळे राहतात आणि मुळात घाणच कमी होते. पैसे थोडेच असतील तर ते आधी अशा पिंजऱ्यांवर खर्च करा.

कुत्र्यांच्या केनेलमध्ये कुत्रं आत असताना पाण्याचा पाइप चालवू नये. मधे सरकतं दार असेल तर कुत्र्याला पलीकडे घ्या, नसेल तर बाहेर काढा. प्रेशर वॉशरचं आम्ही समर्थन करत नाही. त्याने विष्ठेचे बारीक कण हवेत उडून शेजारच्या केनेलवर बसतात. एकच पोछा आणि एकच बादली सगळीकडे फिरवणं सर्वांत वाईट. प्रत्येक केनेलला नवा मायक्रोफायबर पॅड घ्या. दारातल्या पाय बुडवायच्या ट्रेवर भरवसा ठेवू नका, बुटाच्या तळव्याला तिथे दोन सेकंदही मिळत नाहीत आणि तासाभरात ट्रेमध्ये चिखल होतो. आजारी विभागात वेगळे बूट ठेवा. काम करण्याचा क्रम निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठे प्राणी, मग नवे आलेले, शेवटी आजारी. हँड सॅनिटायझरने पार्व्हो आणि कॅलिसी मरत नाहीत, हात साबणपाण्यानेच धुवा.

नायट्याच्या बाबतीत औषधापेक्षा केस उचलण्याला जास्त महत्त्व आहे. बुरशीचे बीजाणू केसांवर आणि कोंड्यात असतात. आधी व्हॅक्यूम किंवा चिकट रोलर, मग साबणाने घासणं, मग १:१६ रेस्क्यू. लाकडी फळ्या, कार्पेट लावलेले मांजरांचे मनोरे, ओरखडे पडलेले प्लास्टिकचे ट्रे यांत कोणतंच औषध नीट शिरत नाही. ते टाकून द्या. बाहेरचं गवती मैदानही निर्जंतुक होत नाही, म्हणून लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांना तिथे सोडू नका.

अ‍ॅनिमल कंट्रोलच्या गाड्या सगळेच विसरतात. पार्व्हो झालेलं पिल्लू ज्या कप्प्यातून आलं, त्याच कप्प्यात पुढच्या हाकेला दुसरं कुत्रं चढतं. प्रत्येक गाडीत वाइप्सचा डबा आणि तयार फवाऱ्याची बाटली ठेवा. कप्पा, कॅच पोल (कुत्रं पकडायची फास लावलेली काठी), सापळ्याची जाळी १ मिनिट ओली राहिली की पुरे. प्राणी पकडायची दोऱ्याची जाळी, कापडी हातमोजे हे मात्र धुलाईत घाला. कापडी वस्तू पुसून साफ होत नाहीत. धुलाईत ब्लीच वापरायचं, मशीन ठासून भरायचं नाही, आणि पार्व्होच्या विष्ठेने चिंब झालेलं अंथरूण धुण्याच्या फंदात न पडता पिशवीत बांधून टाकून द्यायचं. पार्व्होच्या संपर्कात आलेल्या पण आजारी न दिसणाऱ्या कुत्र्यांना १४ दिवस वेगळं ठेवावं लागतं, तेव्हा औषध मागवताना त्या विभागाचं १:१६ चं प्रमाण धरून साठा मोजा. तो रोजच्या चौपट वेगाने संपतो. दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या प्रत्येक द्रावणावर नाव, प्रमाण आणि मिसळल्याची तारीख लिहा. रेस्क्यूचा ९० दिवसांचा हिशोब त्या तारखेपासून चालतो.